शौचाचा तक्ता आणि माझा खोटा होकार

"काका, हे जुलाब नाहीत. फीकल इम्पॅक्शन आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मळ घट्ट होऊन आतड्याच्या शेवटी अडकलेला आणि कडेकडेने नुसतं पाणी झिरपणारं. त्या पाण्याला जुलाब समजून मी वर जुलाब थांबवायची गोळी घेतली होती. बंद दाराला बाहेरून कुलूप लावलं म्हणा ना.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा निवृत्त हेडमास्तर. अमरावतीच्या एका वृद्धाश्रमात राहतो. तिथे कविता सिस्टर रोज सकाळी स्टूल चार्ट, म्हणजे शौचाच्या नोंदीचा तक्ता, घेऊन येतात आणि चहाच्या टेबलावर सगळ्यांदेखत विचारतात, झालं का? आम्ही अकरा जण हो म्हणतो. पोरीच्या वयाच्या बाईला चारचौघांत मी नाही कसं सांगणार? शिवाय नाही म्हणणाऱ्याला शुक्रवारी बेसनाच्या पाटोडीच्या झणझणीत रश्श्याऐवजी दलिया आणि पपई मिळते. मी नऊ दिवस हो म्हणालो. शाळेत गैरहजर पोराला कधी हजर लावलं नव्हतं.

एक्स-रे निघाला. एनिमाने, म्हणजे मागच्या वाटेने औषधाचं पाणी सोडून मोकळं झालं नाही, तर ऑपरेशन. आणि या वयात खात्री देता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अकोल्याहून मुलगी धावत आली. ती बाहेर बाकावर रडताना दिसली तेव्हा मला स्वतःची फार लाज वाटली. पाटोडीपायी मरायला निघालो होतो.

दोन एनिमे वाया गेले. तिसऱ्याचं वर्णन करत नाही. नर्सने अभिनंदन केलं, आणि मुलीने मॅट्रिकचा निकाल कळवावा तसा जावयाला फोन केला.

आश्रमात परतल्यावर कविता सिस्टर एवढंच म्हणाल्या, "सर, खरं सांगाले काय झालतं? मी का तुमाले मारून राहिली होती?" तुमच्या घरी कुणी म्हातारं असेल तर त्याला हे एकट्यात विचारा, आणि पहिल्या होकारावर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी चहावर तोच प्रश्न आला. मी वर्गभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आज नाही झालं."

सिस्टरांनी तक्त्यावर फुली मारली. मग शेजारचे इंगळे बशीत बघत पुटपुटले, "माहं बी नाई, ताई. सहा दिवस झाले." त्यांच्यामागून एकेक हात वर होत गेला. सात हात.

आणि मी इतके दिवस या लोकांच्या पोटांचा हेवा करत होतो.