पाणपोईची वाळू

आमच्या खानदेशातल्या गावाची निम्मी माणसं सुरतेत आहेत. कोणी लूमवर, कोणी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, कोणी हजिऱ्याला कंत्राटावर. आणि मी शाळेत मराठी शिकवायला, म्हणजे मुलं एकमेकांशी गुजरातीत बोलतात ते ऐकायला. एवढी माणसं जमली की मंडळ निघतंच. गाडी होती म्हणून एक जण अध्यक्ष झाला आणि अक्षर चांगलं म्हणून मी सचिव.

गावासाठी काहीतरी करायचं म्हणून अध्यक्षांच्या गच्चीवर बैठक झाली. गावात पाणपोई बांधायचं ठरलं. संगमरवरी पाटीवर कोणाचं नाव कोणाच्या वर, यात तीन बैठका गेल्या. पाणी कुठून आणायचं, हा विषय वेळेअभावी राहून गेला.

"वांधो नही सर," अध्यक्ष म्हणाले. "आपल्या नदीत पानीच पानी आहे."

ते खरंही होतं. आमची नदी दिवाळीनंतर कोरडी दिसते, पण पाणी वाळूच्या खाली असतं. गुडघाभर खड्डा केला की झिरा लागतो. मला हे शिकवलं मोठ्या मायने. मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. झिऱ्याजवळ चप्पल घालून जायचं नाही, पहिलं गढूळ पाणी बाहेर टाकायचं, मग गप्प बसून राहायचं, आणि भरेल तसं वाटीने हंड्यात घ्यायचं. घाई केली की पाठीत धपाटा. काका गेल्यावरही ती गावातच एकटी राहिली. सुरतेला चल म्हटलं की म्हणायची, "मनं पानी आठे शे," माझं पाणी इथेच आहे.

बांधकामाला वाळू लागणार होती आणि घरची नदी असताना विकतची कोण घेणार? ठेकेदाराला मंडळाचं पत्र हवं होतं. ते मी लिहिलं. 'समाजकार्यासाठी वाळू उचलण्यास ग्रामस्थांनी सहकार्य करावे.' अध्यक्षांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि भाषा फर्स्ट क्लास आहे म्हणाले. मीही फुगलो. त्या पत्रात किती वाळू, कुठली वाळू, यातलं एक अक्षर नव्हतं. आयुष्यभर मुलांना 'मुद्द्याचं लिहा' सांगणारा मी!

गावाने सुरतवाल्यांचं पत्र डोक्यावर घेतलं. ठेकेदाराने नदीत जेसीबी उतरवला आणि खाली काळा खडक लागेपर्यंत तो वर काढला नाही. एवढ्या वाळूत शंभर पाणपोया झाल्या असत्या. आमची एकच झाली. बाकीची वाळू ट्रकांतून कुठे गेली, हे आम्ही विचारलं नाही. इकडे सुरतेत इच्छापोरच्या रस्त्याला एवढ्या इमारती उठतायत, त्यांतल्या एखादीच्या भिंतीत असेल.

उद्घाटनाला आम्ही बस करून गेलो. फीत मोठ्या मायच्या हातून कापली. नळाला टँकरचं पाणी आलं, फोटो निघाले आणि टँकर परत गेला. मी तिला विचारलं, "झिरा कुठे काढतेस आता?" तिने मला नदीवर नेलं. खडक उन्हात तापला होता.

"वाळू म्हंजे पानीनी गोधडी," ती म्हणाली. "तुम्ही गोधडी वढी लिधी, आन आते इचारतस, पानी कोठे गये?"

पुढच्या उन्हाळ्यात तिला सुरतेला आणावं लागलं. तिच्या वयाच्या बाईने टँकरच्या रांगेत किती दिवस भांडायचं? आता ती आमच्या तिसऱ्या मजल्यावर असते. नळ सोडते, वाटी भरते, लगेच बंद करते आणि पुन्हा भरायला थोडा वेळ थांबते. माझी मुलगी हसते. मला तिचा राग येतो आणि त्याहून जास्त माझा.

मंडळाला मात्र आनंद झाला. पाणपोईचं उद्घाटन करणारी माउली आयतीच सुरतेत आली, म्हणून वार्षिक मेळाव्यात तिचा सत्कार ठेवला. सत्काराचं निवेदन मीच लिहिलं. अक्षर अजून चांगलं आहे. अध्यक्षांनी माइकवरून विचारलं, "मोठी माय, पानपोई कशी चालते?"

"बेस चालस," ती म्हणाली. "बकऱ्या सावलीले बठतस."

हशा झाला. अध्यक्षही हसले आणि त्यांनी तिच्या खांद्यांवर शाल घातली. तिने ती काढली, नीट घडी केली आणि अध्यक्षांना नाही, माझ्या हातात दिली.

"माले नको. नदीवर नेईसन टाक. उघडी पडेल शे ती."

मग टाळ्या सुरू झाल्या. शाल बगलेत धरून पहिली टाळी मीच वाजवली.