अकरा महिन्यांची केमिस्ट्री

अकरावीचे मार्क कुठंच धरत नाहीत, असं आयटी पार्कला लागून असलेल्या आमच्या माण गावात सगळेच म्हणायचे. म्हणून ते वर्ष मी घरच्या भाड्याच्या खोल्या आयटीवाल्यांना दाखवण्यात आणि पाण्याची मोटर चालू-बंद करण्यात घालवलं. बारावीत केमिस्ट्रीच्या सरांनी अकरावीतला मोल आम्हाला येतोच असं धरून द्रावणं शिकवायला घेतली आणि मला काही म्हणजे काही कळेना.

तिसऱ्या मजल्यावर अमरावतीची एक ताई भाड्याने राहायची. केमिकल इंजिनिअरिंग करून ती सॉफ्टवेअरमध्ये आली होती. तिने माझ्याकडून अकरावीचं पुस्तक पहिल्या पानापासून करून घेतलं. ती चिडायची नाही, फक्त 'पुन्हा सांग' म्हणायची. दिवाळीपर्यंत मोल डोक्यात बसला आणि गणितं सुटायला लागली.

तेवढ्यात तिचा भाडेकरार संपला. अकरा महिन्यांच्या पुढे वडील कुणालाच ठेवत नाहीत.

"माणूस जुना झाला की हलत न्हाई," ते म्हणाले.

"परीक्षेपर्यंत तरी राहू द्या."

"तुला क्लास लावतो."

"क्लासमध्ये अकरावीचं कोण शिकवणार?"

ते मोटर बंद करायला उठून गेले.

ताई गेली तेव्हा ऑरगॅनिकचं पहिलं पानही उघडलं नव्हतं. तिची खोली एका नव्या जोडप्याला मीच दाखवली. उजेड चांगला आहे, शांतता आहे, हेही मीच सांगितलं. किती दिवस राहता येईल, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, अकरा महिने.

त्यांना ते पुष्कळ वाटले.