म्हशीचं गिऱ्हाईक

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि दादाने जाहीर केलं की आता आईला तो मुंबईला नेणार. आईला विचारायची आमच्या घरात रीतच नव्हती. वडील होते तोवर तिची चप्पलसुद्धा तेच आणायचे. सुतळीने पावलाचं माप घ्यायचे आणि महाडच्या बाजारात जाऊन यायचे. मला महाडलाच दिलेली, पण पोलादपूरजवळच्या आमच्या गावाहून आई माझ्याकडे यायची तीही वडिलांच्या मागून.

मुंबईला यायचं नाही, असं आईने एकदाच सांगितलं. दादा म्हणाला, "एकटी कशी राहशील? काही झालं म्हणजे?" त्याचंही खोटं नव्हतं. पण काळजीसुद्धा तो साहेबासारखी करायचा. आता अडसर एकच उरला होता, म्हैस. ती विकली की घराला कुलूप. मे महिन्यात रजा काढून दादा आला आणि त्याने शेजारच्या वाडीतलं गिऱ्हाईक ठरवलं. आमच्याकडे म्हैस नुसती बघून कोणी घेत नाही. समोर धार काढून दाखवायची, चरवी भरलेली दिसली की मग बोलणी. गिऱ्हाईक संध्याकाळच्या धारेला येणार होतं.

त्याच दिवशी सकाळी आई माझ्या दारात हजर. एकटी! तिच्या मागून कोणी येतंय का, म्हणून मी रस्त्याकडे पाहिलं.

"अशी काय बघतेस गो? एसटीत बसले नि आले. कंडक्टरनं काय उतरवलं नाय."

"अगं, पण आज म्हैस बघायला येणार ना?"

"येऊ दे की. दादा हाय तिथं. इकायची त्याला हाय, तर धार पन त्यानंच काढावी."

मग तिला बाजारात जायचं होतं. चपलेच्या दुकानात तिने दुकानदाराला घाम फोडला. ही चावते, ही वाजते, ती वरची काढ. सगळं दुकान खाली उतरवल्यावर तिने पहिल्यांदा दाखवलेलीच घेतली. त्यात दुपारची गाडी चुकली. मी चरफडत होते आणि आईला उसाचा रस प्यायचा होता.

गावी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. अंगणात अर्धी वाडी जमलेली, आणि गोठ्याच्या दारात आईचं हिरवं लुगडं नेसलेला दादा.

आमची म्हैस आईशिवाय कोणाला जवळ येऊ द्यायची नाही. अशा वेळी आमच्याकडे बाप्ये घरच्या बाईचं लुगडं गुंडाळून धारेला बसतात. म्हैस वासाला फसते. ही युक्ती गिऱ्हाइकानेच सुचवली होती. दादाने पँटवरून लुगडं गुंडाळलं होतं, डोक्यावर पदर, मनगटात घड्याळ. म्हशीने आंबोण फस्त केलं होतं, पण पान्हा सोडायचं नाव नाही. दादा बसला की लाथ. चरवी पार उकिरड्यापर्यंत जाऊन आली होती.

"वालत घातलेलं घेतलंस होय रे?" आई म्हणाली. "सकालीच धुतलं मी ते. साबनाच्या वासाला म्हस कशी पान्हवंल?"

"दुसरं सापडलंच नाही कुठं!"

"कसं सापडंल? सगली धुतली."

सगळं अंगण खदखदून हसलं. गिऱ्हाईक टोपी झटकत उठलं. "काकी, जिच्यासंगती तुमाला पन न्यावं लागंल, ती म्हस मला परवडायची नाय."

लोक पांगले. आई म्हशीखाली बसली आणि चरवीत धार वाजायला लागली.

"आई, तू हे मुद्दाम केलंस," दादा म्हणाला.

"होय. तोंडानं सांगितलं तवा ऐकलंस? तुज्या बापानं पन कधी ऐकलं नाय. तो गेला तवा मी रडले, पोटातून रडले. पन आता सकाली उठून काय करायचं ते माजं मी ठरवते. मला ते आवडतंय रे."

असं बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. मला भरून आलं. दादालाही आलं असावं, कारण तो लुगड्याच्या पदरानेच तोंड पुसत होता.

"मग गणपतीला येतो मी," तो हळूच म्हणाला.

"ये की. तुजंच घर हाय," आई म्हणाली. "पन आधी कलवत जा. मी घरात असंनच असं नाय."