कुरखेड्याच्या शिलाई दुकानात राजपुत्र रुद्रकेतूवर भरलेली सभा

कुरखेड्यात लेडीज टेलर बरेच. पण पाच मिनिटांच्या मापासाठी बाया दोन तास बसतात त्या गफ्फार मास्तरांकडेच. फिटिंगमुळे, असं मास्तर सांगतात. गाव म्हणतं, कोणाचं लग्न कुठं अडलं ते तिथं आधी कळतं म्हणून.

या मास्तरांनी दहाव्या वर्षी, बापाच्या कटिंग टेबलाखाली दडून, ‘धुक्याचा गड’चे सातही भाग वाचले होते. त्यातल्या राजपुत्र रुद्रकेतूवर त्यांचा असा जीव जडला, की पुढं पन्नास वर्षं दिसेल त्या रद्दीत ते त्यालाच शोधत राहिले. यंदा मुजफ्फर रद्दीवाल्याकडे सातही भाग सापडले. मास्तरांनी ते अस्तराच्या कापडात गुंडाळून घरी आणले. जमीलाबी दारातच म्हणाली, “निकाह करून मले आनलं, तवा इतकं सांभाळून नव्हतं आनलं.”

सुट्टीत नात गुड्डी आली होती. ठरलं असं, की लग्नसराईच्या शिलाईत मास्तरांचे डोळे मशीनवर, म्हणून गुड्डीनं मोठ्यानं वाचायचं. खरं तर मास्तरांना एवढंच हवं होतं, की आपल्याला आवडलं ते पोरीलाही आवडावं.

तिसऱ्या भागात गुड्डीनं पुस्तक मिटलं.

“नाना, मी नाई वाचत आता. त्याच्यासंगची राजकन्या पयल्या भागापासून नुसती सैंपाक करून राह्यली. आन् झाड तोडनारा शूर, त्याले अडवनारे रानटी?”

मास्तरांचा पाय मशीनवर थांबला. “जुनं पुस्तक हाय बेटा. तवा असंच लिहत.”

“मंग तुमीच वाचा.”

लहानपणी याच पानावर मास्तरांनी टाळ्या पिटल्या होत्या. आज ऐकताना त्यांनाही कुठंतरी टोचलंच होतं. पण पन्नास वर्षांचा दोस्त, त्याला असं वाऱ्यावर कसं सोडायचं?

पोरीच्या लग्नाचं ब्लाउज न्यायला आलेली शकुबाई बाकावर बसली होती. तिच्या गावच्या ग्रामसभेत तिचा शब्द चालतो.

“कोनतं झाड तोडलं त्यानं?”

“मोह. नदी पार कराले नाव बनवाची होती,” गुड्डी म्हणाली.

“मोह? कोनाच्या घरचा? आमच्याकडं जंगलातल्या एकेका मोहाची फुलं कोन वेचते, ते ठरलेलं रायते.”

गुड्डीनं पान उलटंसुलटं केलं. “ते नाई लिवलं.”

“मंग लिवनाऱ्यानं जंगल पाह्यलंच नाई. ग्रामसभेले तरी इचारलं का?”

“तो राजपुत्र हाय, शकुबाई,” मास्तर म्हणाले.

“असन. आमच्याकडं मोठे मोठे सायेब इचारून येते.” मापाला थांबलेल्या चौघींकडे तिनं पाहिलं. “पाच जनी हाओत. सभा भरली समजा. गुड्डे, लिव. मास्तर, तुमी त्याच्याकडून बोला.”

मापाच्या वहीत सभेचं कामकाज सुरू झालं. मास्तरांनी गळ्यातला टेप नीट केला आणि वकिली मांडली: पोरगा लहान, बहीण धुक्याच्या गडात कोंडलेली, मधात नदी.

“बहिनीसाठी ना? मंग मागाचं,” शकुबाई म्हणाली. “एखादं वाळलेलं झाड दाखवलं असतं. पोट्ट्यायनं नावही कोरून देली असती.”

ठराव झाला: रुद्रकेतूनं माफी मागावी, अकरा मोह लावून जगवावे, आणि तोवर सैंपाक त्यानं करावा, मोहिमेवर राजकन्येनं जावं. हात वर झाले. त्यात मास्तरांचाही होता.

“वकील फुटला,” आतून जमीलाबी म्हणाली.

गुड्डी हसता हसता थांबली. “नाना, चौथ्या भागात तो पुन्हा जंगलात जाते?”

जातो, आणि भलतेच उद्योग करतो, हे मास्तरांना पाठ होतं. त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या. “वाचून पाह्य.”

पोरीनं चौथा भाग ओढला. पहिल्याच पानावर रुद्रकेतू दुसऱ्या जंगलात घोडा घालत होता, कोणालाही न विचारता.

“पाहा याले,” गुड्डी म्हणाली, आणि तिनं पान उलटलं, मग पुढचं.

“दुसरा गुन्हा लिवून ठेव,” म्हणत शकुबाई, ब्लाउज केव्हाच हातात मिळालं होतं तरी, पुन्हा बाकावर टेकली. मास्तरांनी मशीन हळू चालवायला घेतली, पोरीचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून.