न्हाणीमागचं झाड

आक्का गेल्या त्या सकाळी आमचं शेवटचं बोलणं झालं ते एका कुंडीवरून. मी चहाचा कप घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेले, तर त्या उशीवरून मान उचलून खिडकीतून मागच्या अंगणात बघत होत्या. "सुशीला, घातलेलं पानी वरच थांबतंय बघ. मुळ्या दाटल्यात. संक्रांत झाली की कुंडी बदल." मी म्हटलं, "आदी चहा घ्या, मंग कुंडीचं बघू." त्यांनी दोन घोट घेतले. "आन् एक फांदी रुक्माला इचारून बघ..." एवढं म्हणून कप माझ्या हातात दिला आणि कुशीवर वळल्या. मी भाजी चिरायला बसले. घरातली पोरं उठायच्या आत आक्का गेलेल्या होत्या. भेटायला येणारी माणसं विचारायची, शेवटी काय म्हणाल्या? मी सांगायचे, चहा घेतला. पुढचं सांगायची मला लाज वाटायची.

आक्का म्हणजे विमलबाई, माझी थोरली जाऊ. धारूरच्या घाटाखाली आमचं गाव. गावातल्या बायकांच्या दूध संस्थेच्या त्या कितीतरी वर्षं चेअरमन होत्या, पण चेअरमन असूनही खुर्चीच्या कडेवर बसायच्या, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं अशा. लाज हा त्यांचा स्वभावच होता. नवी साडी नेसली तर दारातून बाहेर पडायच्या आधी पदर चुरगाळून घ्यायच्या. आमच्या म्हशीनं जास्त दूध दिलं तर संस्थेत कॅन ओतताना यांचीच मान खाली. मी तशी निगरगट्ट. "आक्का, साडी इकत आनलीय, चोरलेली न्हाई," असं मी सगळ्यांसमोर म्हणायचे आणि त्या आणखीनच लाल व्हायच्या. मला गंमत वाटायची. एवढी लाज घेऊन ही बाई चाळीस घरच्या बायकांना शिस्तीत कशी ठेवते, याचं कोडं मात्र मला कधी सुटलं नाही.

कुंडीतलं ते झाड, हायड्रेंजिया, घरात आलं ते संस्थेच्या सहलीतून. घाटावरच्या दूध संस्था दाखवायला बायकांना नेलं होतं, तिथल्या एका रोपवाटिकेत आक्कांनी ते रोप पाहिलं. कोबीच्या गड्ड्याएवढं निळं फूल. आयुष्यात स्वतःसाठी काही मागून न घेतलेल्या बाईनं ते रोप घेतलं आणि अख्खा प्रवास एसटीत मांडीवर धरून आणलं. घरी आल्यावर हौसेनं शेतातली काळी माती भरून ते तेलाच्या डब्यात लावलं. इथल्या माणसाला माती म्हटलं की काळीच आठवणार! ती माती उन्हानं आक्रसली, डब्याच्या कडा सोडून बसली, आणि घातलेलं पाणी कडेनं खाली जाऊन मुळं कोरडीच राहिली. झाड दुपार झाली की माना टाकायचं. मग शेणखत, लिंबाखालचा कुजका पाला आणि विटांचे तुकडे मिसळून आक्कांनी नवी माती केली तेव्हा कुठं ते उठून बसलं. पुढच्या खेपेला फुलं आली ती गुलाबी. आक्का माझ्याकडं संशयानं बघायला लागल्या, मीच झाड बदललं म्हणून. "आमच्या पान्यानं रंग बदलला आसंल," असं शेवटी त्यांनीच स्वतःची समजूत घातली. बायका त्याला गड्ड्याचं फूल म्हणायच्या आणि दूध घालून जाताना मुद्दाम आमच्या दारावरून जायच्या.

मग तो दुष्काळ आला. विहिरी आटल्या, बोअर धूळ ओकायला लागले, टँकरभोवती भांडणं सुरू झाली. म्हशी जगल्या तर संस्था जगणार होती, आणि संस्था जगली तर बायकांच्या हातात काही राहणार होतं. आक्कांनी बैठक घेतली. ठराव झाला की पाणी माणसाला आणि जनावराला, फुलझाडाला थेंबही नाही. नुसता ठराव करून आक्का थांबल्या नाहीत. झाड दारात दिसलं की बाईचा जीव राहत नाही, चोरून तांब्याभर घालतेच, म्हणून त्या स्वतः घरोघर गेल्या आणि झाडं उपटायला लावली. गुलाब गेले, जास्वंद गेली. आमच्या संस्थेतल्या रुक्माच्या दारात मोगरा होता. तिच्या आईनं माहेराहून ओच्यात आणून लावलेला, आणि दुष्काळाच्या त्याच वर्षी आई वारली होती. रुक्माला हात लावेना. तेव्हा आक्का खाली वाकल्या आणि त्यांनी तो मोगरा स्वतःच्या हातानं उपटला. मी बरोबर होते. रुक्मा नुसती पदरानं हात पुसत उभी होती, हाताला काही लागलेलं नसताना.

आमचं झाडही मरू द्यायचं असं आक्कांनी ठरवलं होतं. ते खोटं नव्हतं, हे मी छातीठोक सांगते. फक्त ते मरताना डोळ्यांना दिसू नये म्हणून त्यांनी डबा उचलून न्हाणीच्या मागं, सावलीत, मोरीच्या तोंडाशी नेऊन ठेवला. आणि चार दिवसांनी बघतात तर झाड ताठ! आमच्या आंघोळीचं जे काही शिंपडलं जात होतं त्यावर ते जगत होतं. तेव्हा आक्कांना कळलं, आणि कळलं तिथंच त्या अडकल्या. आंघोळीचं पाणी जनावर पीत नाही, माणसाच्या कामाचं नाही, ते प्रत्येक घरातून असंच गटारीला जात होतं. म्हणजे रुक्माचा मोगरा जगला असता. सगळ्यांची झाडं जगली असती. आता कुठल्या तोंडानं जाऊन सांगणार? आज सांगू, उद्या सांगू करता करता झाडाला पानं फुटली, आणि जसजसं ते हिरवं होत गेलं तसतसं सांगणं अवघड होत गेलं. उपटून टाकायचं म्हटलं तर हात होईना. आमचं साबणाचं पाणी बाधेल म्हणून आक्का स्वतः जर्मनच्या परातीत बसून बिनसाबणाची, नुसत्या डाळीच्या पिठाची आंघोळ करायला लागल्या आणि ते पाणी झाडाला. "परातीत बसून आंघोळ कसली आक्का, कनीक मळल्यागत?" असं मी हसायचे. त्या हसायच्या नाहीत. रोज त्याच न्हाणीत मीही जात होते, तेव्हा ती लाज आमच्या सगळ्या घराची होती. वाहिली मात्र त्यांनी एकटीनं.

रुक्मा एका सकाळी आक्कांना संस्थेत बोलवायला आली. पुढं कुणी दिसलं नाही म्हणून मागं गेली. झाडाला दोन गड्डे लागलेले. तिनं वाकून डब्यातल्या मातीला बोट लावलं. ओली होती. तेवढ्यात आक्का न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आल्या.

"आक्का, कशावर जगलं हे?"

"आंघुळीच्या पान्यावर."

"मंग मला कावून न्हाई सांगितलं?"

आक्कांनी ओल्या केसांवर पदर ओढून घेतला. रुक्मा आरडाओरडा करणारी असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चला, दूध मोजायचं थांबलंय," आणि पुढं चालायला लागली. दुसऱ्या दिवशी आक्कांनी तो डबा डोक्यावर घेऊन संस्थेत नेला, दुधाच्या कॅनशेजारी ठेवला आणि सगळ्यांसमोर होतं ते सांगितलं. बायका हसायला लागल्या. "लई गोड हाय की गड्डा!" "आमाला आदी सांगायचं न्हाई का आक्का!" बायकांनी पदरात घेतलं त्यांना. रुक्मानं आपलं दूध ओतलं आणि ती निघून गेली.

पाऊसपाणी झाल्यावर आक्कांनी झाड डब्यातून मोठ्या कुंडीत हलवलं आणि त्याच्या फांद्या लावायचा सपाटा लावला. दोन पेराची फांदी, खालची पानं काढलेली, सावलीत ओल्या मातीत. दर पावसाळ्यात त्या रोपं करायच्या आणि घरोघर नेऊन द्यायच्या. आमच्या उन्हात बरीच मरायची, की पुढच्या वर्षी पुन्हा. आणि दर पावसाळ्यात एक रोप घेऊन रुक्माच्या दारात उभ्या राहायच्या. "माज्या दारात जागा न्हाई आक्का." दार केवढं मोठं, समोर मोगऱ्याचं आळं तसंच रिकामं. आक्का रोप घेऊन परत यायच्या आणि पाय न धुता बसून राहायच्या... मी चिडायचे, "जाता कशाला मग?" तर म्हणायच्या, "तिला न्हाई म्हनायचा हक हाय."

आक्का गेल्यावर संस्थेत शोकसभा झाली. बाहेरून आलेल्या एका पुढाऱ्यानं भाषण केलं. आक्कांची शिस्त एवढी, की दुष्काळात त्यांनी स्वतःच्या हातानं लोकांच्या दारातली फुलझाडं उपटली! असा त्याग, असा कणखरपणा! आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. मी पुढच्या खुर्चीवर घरची म्हणून बसलेले, रुक्मा मागं सतरंजीवर. मला मान वळवून तिच्याकडं बघवेना. आक्का असत्या तर त्या टाळ्यांनी जमिनीत गेल्या असत्या, आणि त्यांच्या वाटणीची सगळी लाज त्या दिवशी माझ्या अंगावर आली. मी, जी आक्का असेपर्यंत कशाला लाजले नाही!

संक्रांत झाली. झाडाकडं बघवत नव्हतं तरी एके दुपारी मी मागच्या अंगणात पोतं अंथरलं. संस्थेतला एक गळका दुधाचा कॅन गळा कापून आणला होता, त्याच्या बुडाला भोकं पाडून घेतली. जुनी कुंडी आडवी करून ठोकली, पण झाड निघेना. खालच्या भोकातून मुळ्या बाहेर येऊन आत वळलेल्या. मी खटपट करत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "वढू नगंस, तुटंल." रुक्मा होती. वहाणा काढून ती पोत्यावर बसली, कुंडी दोन्ही पायांत धरली आणि कडेनं हळूहळू विळा फिरवला. झाड बाहेर आलं तर मुळ्यांचीच कुंडी झालेली, गोल गोल एकमेकींत. त्या आम्ही दोघींनी बोटांनी सोडवल्या. अगदी मधे काळ्या मातीचा एक घट्ट गोळा निघाला, पहिल्या वर्षाचा. रुक्मा तो हातात घेऊन बसली.

"सुशीला, मी फांदी घेतली आसती तर आक्का मोकळी झाली आसती. म्हनून न्हाई घेतली," ती म्हणाली. "दर साली यायची. दारात हुबी ऱ्हायची. मला लई बरं वाटायचं." मग तो गोळा खाली ठेवत म्हणाली, "आता कुनाला न्हाई म्हनू?"

आक्कांचं तोंड तिच्यापुढं कसं मिटलं असेल ते मला तेव्हा कळलं. कॅनमध्ये विटांचे तुकडे, वर पालापाचोळ्याची माती घातली, तिनं झाड सरळ धरलं, मी भरत गेले. शेवटी मी विचारलं, "फांदी देऊ? आक्का सांगून गेल्यात." ती म्हणाली, "नगं. आता घिऊन कुनाला दावू?" आणि उठली. हात मातीनं भरले होते म्हणून मी तांब्या घेऊन आले. ती मोरीकडं गेली नाही. कॅनवर वाकली, झाडाच्या बुडाशी दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "वत." मी ओतत राहिले. ती हात धूत राहिली, माती निघाली तरी धूत राहिली, खालच्या भोकांतून पाणी येईपर्यंत.

यंदाही विहिरीनं आत्ताच तळ दाखवलाय, गावात टँकर सुरू झालाय. आक्कांची जर्मनची परात न्हाणीत भिंतीला उभी टेकवून ठेवलेली असायची, इतके दिवस मी तिला हात लावला नव्हता. आज सकाळी ती आडवी केली. साबणाची वडी उचलून वरच्या फळीवर ठेवली, आणि आत बसले.