रागिणीने उतरवलेल्या पाट्या

उद्घाटनाच्या सकाळी रागिणी अकोल्याच्या हॉलमध्ये शिरली आणि पहिल्याच चित्राखालची पुठ्ठ्याची पाटी वाचून जागीच थांबली. ‘भेगाळल्या भुईचा टाहो.’ पुढच्या चित्राखाली ‘आटलेली विहीर’. त्याच्या पुढे ‘बापाचा घाम’.

चित्रं तिची होती. नावं तिची नव्हती.

ती अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. शाळेत मुलांकडून फुलदाण्या आणि डोंगर काढून घ्यायची. घरी मात्र गच्चीवर कापड अंथरायची, ब्रश बांबूला बांधायची आणि खांद्यापासून अख्खा हात फिरवून रंग ओढायची. त्यात झाड नसे, माणूस नसे. हात कुठे धावला, कुठे अडला, एवढंच असे. तिचं एकटीचं हे पहिलंच प्रदर्शन.

“हे कोणी लावलं?” तिने विचारलं.

“मीच,” शुभंकर म्हणाला. तो प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचा चिटणीस, बोलायला गोड. “लोकांना धरायला काहीतरी हवं ना, मॅडम. तुमचे वडील चांदूर बाजारला भाजीपाला पिकवतात. शेतकऱ्याची लेक, मातीची वेदना. पाहुण्यांचं भाषणही त्यावरच बेतलंय.”

“माह्या बापाची विहीर भरून आहे. अन् हे काढलं त्या दिवशी मी लय खुशीत होती.”

“तसं कोण विचारतंय?”

“मी सांगून राहिली ना.”

तिने नखाने पहिली पाटी उचकटली. मग दुसरी. शुभंकर मागोमाग फिरत होता. “पाहुणे निघून जातील, मॅडम.”

“जाऊ द्या.”

पाहुणे आले, चित्रांखाली पाट्या नाहीत हे पाहून त्यांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला, दोन वाक्यं बोलले, चहा घेतला आणि गेले. त्यांच्यामागे फोटोवालेही गेले. एक गृहस्थ निघता निघता तिला ऐकू जाईल असं म्हणाले, “असं तर माझा नातू काढतो.”

“मंग थांबवू नका त्याले,” रागिणी म्हणाली.

हॉल रिकामा झाला तशी ती मागच्या नळाशी गेली. नळाखाली तोंड धुताना वाटलं, पाट्या अजून कचऱ्याच्या डब्यात आहेत, पुन्हा चिकटवता येतील. ती परत आली, एक खुर्ची ओढून हॉलच्या मधोमध ठेवली आणि बसली.

दुपारच्या बसने तिची आई माणिकबाई आली. शुभंकर लगबगीने पुढे झाला. “आजी, लेकीच्या चित्रांत तुमचं दुःख दिसतं का?”

“कायचं दुःख?” म्हणत माणिकबाई त्याच्या बाजूने पुढे निघाली. भिंतीभिंतीने सावकाश चालत तिने सगळी चित्रं पाहिली. लालभडक, मोठ्या चित्रापाशी थबकली.

“हे कावून काढलं?”

“हात उचलला अन् आलं, माय.”

“मले नाई आवडलं. लय घाई केली तू याच्यात.” आईने कोपऱ्यातल्या काळ्या चित्राकडे बोट केलं. “ते बरं आहे. ते पाहत बसावं वाटते.”

रागिणीने आपली खुर्ची उचलली आणि आईसाठी काळ्या चित्रासमोर नेऊन ठेवली. सकाळपासून तिच्याशी फक्त चित्राबद्दल बोललेलं हे पहिलं माणूस होतं.