कंपनीचा फ्रिज आणि मावशीचा सोडा

आमच्या मावशीला घरात सगळे 'सरकार' म्हणतात, कारण तिचा हुकूम फिरत नाही. सोड्याच्या कंपनीत बाटल्या धुऊन धुऊन तिच्या हातांची सालटं निघाली होती. एका सकाळी तिने नोकरी सोडली आणि स्वतःचा आलं-लिंबाचा सोडा काढला. उन्हाळाभरात जम बसला नाही, तर पुन्हा कंपनीच्या फाटकावर जाऊन हात जोडायचे, एवढंच ठरलं होतं.

सोडा फक्कड झाला. पण एकही दुकानदार तो ठेवायला तयार होईना. प्रत्येकाकडे कंपनीने फुकट दिलेला फ्रिज होता आणि अट एकच: आत दुसऱ्या कुणाची बाटली दिसली, की फ्रिज उचलून नेणार. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने चव घेऊन मान डोलावली आणि उरलेल्या बाटल्या परत केल्या. कोमट सोडा कोण पिणार? त्या फ्रिजला लाथ घालावी, असं मला वाटलं. मावशी मात्र गप्प होती, आणि ती गप्प बसली की समोरच्याची धडगत नसते.

जिथे फ्रिजच नाही, तिकडे तिने मोर्चा वळवला. सलूनमध्ये गिऱ्हाइकं नंबर लागेपर्यंत घामाने निथळत बसायची. तिथल्या बाकाखाली तिने बर्फाची पेटी सरकवली. मग शिंप्याकडे, मग पंक्चरवाल्याकडे. हां हां म्हणता पेट्या रिकाम्या होऊ लागल्या. केस वाढलेले नसतानाही लोक सलूनमध्ये जाऊन बसू लागले.

शेवटी कंपनीचा माणूस तिथे दाढीला बसला. गालाला साबण लागल्यावर म्हणाला, फ्रिज फुकट देतो, फक्त ती पेटी हलवा. मावशी आणि मी पेटीत बाटल्या भरत होतो. इथली पेटी गेली, की बाकीच्या दोन्ही जाणार, हे उघड होतं.

सलूनवाल्याने वस्तरा थांबवला. "साहेब, तुमच्या फ्रिजमध्ये मावशींचा सोडा चालेल?"

"छे, तो कसा चालेल?"

"मग तुमचा फ्रिज मलाही नाही चालणार. आता हलू नका, कापेल."

दाढी झाल्यावर मावशीने त्या माणसाला एक बाटली फोडून दिली. त्याने ती शेवटच्या थेंबापर्यंत संपवली आणि निघून गेला.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं गिऱ्हाइक एव्हाना सलूनकडे वळलं होतंच. ही बातमी कळल्यावर त्याने कंपनीचा फ्रिज परत पाठवला आणि पदरमोड करून एक जुना, दार करकरणारा फ्रिज आणला. मावशीला बोलावून म्हणाला, "हा माझा आहे. बाटल्या कुठे ठेवायच्या, ते तुम्हीच सांगा."

मावशीने सगळ्यात पुढची रांग स्वतःच्या हाताने लावली. मग दार ओढून घेतलं, काचेतून आत पाहिलं, आणि आमचं सरकार भर दुकानात रडलं.